डोंगरावर नुसते काटेच आलेत का?



आमच्या डोंगराला चराईबंदी करून यंदा पाच वर्षं झाली. आता गावात एकच चर्चा, २ ऑक्टोबरच्या ग्रामसभेत बंदी उठवायची. का, तर "पाच वर्षांत काट्यांशिवाय आलंय काय?"

माझं मत सरळ सांगतो. काटे आलेत तेच बरं झालंय.

आधी वर काय होतं आठवा. तरवड आणि घाणेरी, म्हणजे शेळी तोंड लावत नाही तेवढंच. बोर, करवंद, हिवर होतेच, पण शेंडा फुटला की खुडला जायचा, म्हणून वीतभर, जमिनीला चिकटून. मुळं मात्र जुनी, खोल. बंदीनंतर पहिल्याच पावसात धुमारे फुटले, कुणी बी टाकलं नव्हतं. आज करवंदीच्या जाळ्या कमरेच्या वर आहेत. परवा एका बोरीच्या जाळीत वाकून बघितलं (ओरखडे अजून आहेत), आत लिंबाची तीन रोपं आणि एक चंदनाचं. जागा विचारू नका. पाखरं जाळीवर बसतात, विष्ठेतून बी पडतं, सावलीला ओल टिकते, काट्यांमुळं जनावराचं तोंड पोचत नाही. पण रोप जाळीबाहेर डोकं काढतं तेव्हाच ते खुडलं जातं, आणि आत्ता तीच वेळ आहे.

गवतही बदलतंय. आधी नुसती कुसळं, आता मधेमधे पवन्या, मारवेल. वरचा उघडा मुरूम तेवढा अजून टकलाच आहे. तिथं माती उरली नाही, चर खोदल्याशिवाय काही व्हायचं नाही.

चूक आपलीही आहे. बंदी घातली आणि विसरलो. न कापलेलं गवत वाळून उभं राहतं, मग एक बिडी पुरते. गेल्या उन्हाळ्यात खालची कड जळाली. घाणेरीही माजलीय. ती पावसात, जमीन मऊ असताना बुडख्यासकट उपटावी लागते, नुसती तोडली तर पुन्हा फुटते.

हिवरे बाजारला जनावर वर सोडत नाहीत, पण विळ्यानं गवत कापून न्यायला देतात. आपणही तेच करू. पहिला वाटा शेळ्या-मेंढ्यावाल्यांना, फुकट. बंदीचा भार त्यांनी सोसला, पाणी मात्र आम्हा विहीरवाल्यांचं वाढलं.

शेळीला गवतापेक्षा पाला लागतो, ठाऊक आहे. माझ्या ओढ्याकडच्या बांधावर शेवरी लावतो, पाला त्यांनी न्यावा. अजून कोण बांध देतंय ते ग्रामसभेआधी सांगा.