मथळा आणि मजकूर

मंडळी, डेटाबेस नव्या आवृत्तीत नेताना जुनी अक्षरं बिघडतात, या विषयावर आज मी लिहिणार आहे. बी.ए.ला मराठी घेतलेल्या मास्तरणीने यात कशाला पडावं, असं घरचे म्हणतील. पण बिघडतं ते आपलं मराठीच, म्हणून पडले!

मायएसक्यूएल या डेटाबेसचंच बघा. त्यात मजकुराच्या प्रत्येक कॉलमला एक अक्षरसंच नेमलेला असतो. आपण काही सांगितलं नाही तर पूर्वी लॅटिन-१ मिळायचा, म्हणजे पश्चिम युरोपातल्या भाषांचा. २०१८ च्या ८.० आवृत्तीपासून तिथे युनिकोड आला. गंमत अशी, की जुन्या लॅटिन कॉलमांतही आपली देवनागरी बिनबोभाट नांदत होती. युटीएफ-८ पद्धतीत देवनागरीच्या एकेका चिन्हाला तीन बाइट लागतात. डेटाबेस त्यांना तीन लॅटिन अक्षरं समजून ठेवायचा आणि तसेच परत द्यायचा. आपल्याला मराठी दिसायचं.

अपग्रेड करताना कुणीतरी आज्ञा देतो, 'कॉलम युटीएफ-८ करा'. डेटाबेस त्या तीन लॅटिन अक्षरांचं इमानेइतबारे रूपांतर करतो आणि 'म'च्या जागी डोक्यावर तिरकी रेघ असलेला इंग्रजी ए आणि दोन भलतीच चिन्हं उमटतात.

१९५७ साली आण्यांचे नये पैसे झाले, ते आठवा. चार आणे म्हणजे २५ पैसे. समजा, वहीतल्या रकान्यावर मथळा 'आणे' असाच राहिला, पण आत लिहिणाऱ्याने आधीपासून पैसेच लिहिलेत. आता एखादा कारकून मथळ्यावर विश्वास ठेवून २५ आण्यांचे १५६ पैसे करून ठेवील! हिशेब त्याचा बरोबर, वही मात्र चुकली.

उपाय साधा आहे. आधी कॉलम बायनरी प्रकारचा करायचा, म्हणजे मथळा पुसायचा. त्यात रूपांतर होत नाही, बाइट जसेच्या तसे राहतात. मग त्यावर युटीएफ-८ हा खरा मथळा लिहायचा. अर्थात आत काय आहे हे आधी उघडून बघायला हवं. काही नोंदी एका पद्धतीच्या आणि काही दुसऱ्या असतील, तर सरसकट आज्ञा चालत नाही.

विचित्र अक्षरं बरीचशी परत सुधारता येतात. प्रश्नचिन्हांचं तसं नाही. ज्या अक्षरसंचात देवनागरी नाहीच, त्यात मजकूर ढकलला की काही वेळा प्रत्येक अक्षराजागी नुसतं प्रश्नचिन्ह साठवलं जातं. मूळ बाइट गेले ते गेलेच. ओळखीच्या एका संस्थेत माजी विद्यार्थ्यांच्या यादीचं असंच झालं. काम करणाऱ्याने सांगितलं, "नोंदी सगळ्या आल्यात, आकडा जुळतोय." आकडा जुळत होताच, नावं तेवढी नव्हती. जुनी प्रत कुणी ठेवली नव्हती. त्यातले काहीजण आज हयातही नाहीत, मग नाव विचारायचं कुणाला?

माझं मत स्पष्ट आहे. आकडा जुळणं ही तपासणी नव्हे. रूपांतरानंतर ती भाषा वाचता येणाऱ्या माणसाने शंभरेक नोंदी डोळ्यांनी वाचाव्यात, आणि तोवर जुनी प्रत पुसू नये. हे काम संगणकवाल्याचं एकट्याचं नाही. ज्यांची नावं आत आहेत त्यांचंही आहे.

तुमच्यापैकी ज्यांनी स्वतःच्या सर्व्हरवर ब्लॉग थाटलाय किंवा घराण्याची वंशावळ चढवलीय, त्यांनी पुढच्या अपग्रेडआधी एवढं जरूर करावं. वाचायला माणूस हवा असेल तर मला सांगा. सवय आहे, आयुष्यभर वह्याच तपासल्यात!