बंदिश कोणाची?

सासू-नणंदेचा धाक, वाजणारे पैंजण, न आलेल्या पियाची वाट. आपल्या ख्यालात बोलणारी बहुधा बाईच असते. तिचे शब्द बांधणारे मात्र पुरुष: सदारंग, अदारंग, प्रेमपिया, प्राणपिया, गुणीदास, रामरंग. केसरबाई, मोगूबाई, गंगूबाईंनी मैफल जिंकली त्याला कित्येक दशकं लोटली. गायिकेला मान देताना आपण हात आखडत नाही, मग रचनाकार म्हणून तिचं नाव घेताना का चाचरतो?

रचना नाहीत असं म्हणायची सोय नाही. प्रभा अत्रे यांच्या शेकडो बंदिशी 'स्वरांगिनी' आणि 'स्वररंजनी'त आहेत. अपूर्व कल्याण, दरबारी कौंस हे राग त्यांनीच बांधले. अश्विनी भिडे-देशपांडे यांच्या 'रागरचनांजली'चा पहिला भाग २००४ मध्ये आला, दुसरा २०१० मध्ये.

काही वर्षांपूर्वी एका परीक्षेत एका मुलीनं प्रभाताईंची मारुबिहागातली द्रुत बंदिश फार सुरेख गायली. कोणाची, असं विचारलं तर म्हणाली, "पारंपरिक आहे, ताई." तेव्हा प्रभाताई हयात होत्या. दोष त्या मुलीचा नव्हे, शिकवताना तिला नाव कोणी सांगितलंच नव्हतं. अंतऱ्यात मुद्रा असेल तर रचनाकाराचं नाव बंदिशीबरोबर फिरतं. मुद्रा नसलेली बंदिश दोन पिढ्यांत पोरकी होते.

संगीतात बाई-पुरुष कशाला, बंदिश चांगली असली की झालं, असं पुष्कळ जाणकार मनापासून म्हणतात. मलाही तसंच वाटायचं. पण निवडायला बाईची बंदिश समोर तर यायला हवी! आपण गातो ते तालमीत मिळालेलं. मंचावर बसण्याच्या कितीतरी आधी गुरूच्या वहीत निवड होऊन गेलेली असते. म्हणून ही विनंती आधी शिकवणाऱ्यांना आहे: या वर्षी प्रत्येक शिष्याला निदान एका स्त्री रचनाकाराची बंदिश द्या, नावासकट. गायकांनी रागाबरोबर रचनाकारही सांगावा. आयोजकांनो, वाग्गेयकारांवर मैफल ठरवाल तेव्हा यादीत प्रभाताई आणि अश्विनीताईंपासून सुरुवात करा.

पुढच्या अंकापासून आम्ही छापू त्या प्रत्येक स्वरलिपीवर रचनाकाराचं नाव असेल. ते ठाऊक नसेल तिथे 'पारंपरिक' न लिहिता 'रचनाकार अज्ञात' असं लिहू. तुमच्या जुन्या वहीत एखाद्या गुरुभगिनीनं, आईनं बांधलेली बंदिश असेल, तर तिच्या नावासह आमच्याकडे पाठवा.