शेजारचे बाळ आणि आपले बाळ

गेल्या महिन्यात एक आजी आपल्या पाच महिन्यांच्या नातीला घेऊन दवाखान्यात आल्या. बाळ हसत होते, हातपाय उडवत होते. आजींचा चेहरा मात्र काळजीने ओढलेला होता. "डॉक्टर, पोर वाळत चालली आहे. शेजारचा मुलगा हिच्याच वयाचा. साडेसात किलोचा झाला. आता वरचे दूध सुरू करावे म्हणते." मी बाळाचे वजन केले. ते 5 किलो 900 ग्रॅम भरले. जन्माच्या वेळी ते 2 किलो 600 ग्रॅम होते.

आजींच्या पिशवीतच माता-बाल संरक्षण कार्ड होते. त्यातील वाढीच्या तक्त्यावर आधीच्या महिन्यांचे ठिपके होते. मी नवा ठिपका ठेवून सर्व ठिपके जोडले आणि ती रेषा आजींना दाखवली. ती तक्त्याच्या खालच्या भागात होती खरी; पण छापील वळणाला समांतर, एकसारखी वर चढत होती. आईवडील दोघेही लहान चणीचे. बाळ वाळत नव्हते; ते आपल्या चणीने वाढत होते. वरच्या दुधाची गरज नव्हती आणि आईच्या दुधात कोणतीही उणीव नव्हती. शिवाय मुलगे आणि मुली यांचे तक्तेही वेगळे असतात, त्यामुळे ती तुलना मुळातच चुकीची होती.

आज बाळांसाठी वापरले जाणारे हे तक्ते जागतिक आरोग्य संघटनेने 2006 मध्ये प्रसिद्ध केले. ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतील, आईच्या दुधावर व चांगल्या परिस्थितीत वाढणाऱ्या बालकांच्या मोजमापांवर ते आधारलेले आहेत. भारतातील मोजमापे दिल्लीत घेतली गेली. तेव्हा 'हे आकडे परदेशी बाळांचे' असा संशय मनात ठेवू नये.

काही ढोबळ आकडे लक्षात असावेत. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे उतरते आणि साधारण दोन आठवड्यांत पूर्ववत होते. पुढे पहिले तीन महिने ते दिवसाला सुमारे 25 ते 30 ग्रॅमने वाढते. पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत जन्मवजनाची दुप्पट आणि वर्षाअखेर सुमारे तिप्पट होते. जन्माच्या वेळची जवळपास 50 सेंटिमीटर लांबी वर्षात 75 च्या आसपास पोहोचते. डोक्याचा घेर सुमारे 34 वरून 45 सेंटिमीटरपर्यंत जातो. सहा महिन्यांनंतर वजनवाढीचा वेग निम्म्याहूनही कमी होतो, हे मात्र अनेकांना ठाऊक नसते. त्याच सुमारास बाळ रांगू लागते, अंगावरची गोलाई ओसरते आणि घरात 'दृष्ट लागली' अशी कुजबुज सुरू होते. ही दृष्ट नव्हे, निसर्गाचा क्रम आहे.

मग काळजी केव्हा करावी? रेषा सपाट झाली किंवा खाली वळली तर. एका महिन्याच्या एका आकड्यापेक्षा रेषेची दिशा अधिक खरे सांगते. म्हणून महिन्यातून एकदा, शक्यतो एकाच काट्यावर, अंगावरचे कपडे उतरवून वजन करावे. अंगणवाडीतही ही सोय असते.

आता माझी एक चूक सांगतो. बऱ्याच वर्षांपूर्वी दुसऱ्या एका आजींनी सहा महिन्यांचा नातू दाखवायला आणला होता. वजन उत्तम, बाळ गुटगुटीत. आजी म्हणाल्या, "हा खुळखुळा उजव्याच हाताने धरतो. डावी मूठ मिटलेलीच असते." मी हसून उत्तर दिले, "उजवा होणार तो! काळजी करू नका." दोन महिन्यांनी त्या पुन्हा आल्या. या वेळी मी नीट तपासले. डावा हात आणि डावा पाय ताठर होते. बालरोगतज्ज्ञांकडे पाठवले, जन्माच्या सुमारास मेंदूला झालेल्या इजेचे निदान झाले आणि व्यायामोपचार सुरू झाले. आज तो मुलगा शाळेत जातो, किंचित लंगडतो. पण माझ्या हसण्यापायी उपचाराचे दोन महिने वाया गेले, हे मी विसरलेलो नाही. वर्षाच्या आत बाळ एकाच हाताचा वापर करू लागले, तर ती आवड नसते. दुसऱ्या हाताच्या दुबळेपणाची ती खूण असू शकते.

या दोन आजींमधला फरक पाहा. पहिल्या आजी शेजारच्या बाळाकडे पाहत होत्या, दुसऱ्या आपल्या बाळाकडे. आजी-आजोबांकडे वेळ असतो आणि पूर्वी मुले वाढवल्याचा अनुभव असतो. त्या नजरेला नेमके काय पाहायचे ते ठाऊक असले, तर तिचे मोल कोणत्याही यंत्राहून कमी नाही.

बाळ साधारण दोन महिन्यांचे झाले की ओळखीचे हसते, चौथ्या महिन्यापर्यंत मान धरते, पाचव्या-सहाव्या महिन्यात पालथे पडते आणि आठव्याच्या सुमारास आधाराविना बसते. या प्रत्येक टप्प्याला मोठी मुभा असते. कोणी नवव्या महिन्यात चालते, कोणी सतराव्या. काही निरोगी बाळे तर रांगतच नाहीत, थेट उभी राहतात. अपुऱ्या दिवसांच्या बाळाचे वय मात्र प्रसूतीच्या अपेक्षित तारखेपासून मोजावे.

पुढील गोष्टी दिसल्यास 'होईल हळूहळू' म्हणून थांबू नये: तीन महिन्यांपर्यंत हसू नाही, पाच महिन्यांनंतरही मान लटपटते, मोठ्या आवाजाने बाळ दचकत वा वळत नाही, नऊ महिने उलटूनही बसत नाही, अंग फार ताठ किंवा फार लुळे वाटते, आलेली गोष्ट बाळ विसरू लागते.

शेवटी घरातील सवयींविषयी. पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे. पाणी, गुटी काहीही नको. मध तर वर्षभर देऊ नये, त्यातून क्वचित पण प्राणघातक विषबाधा होऊ शकते. सहा महिने पूर्ण होताच उष्टावण करावे. मुहूर्तासाठी ते लांबवू नये. मऊ वरणभात, तूप, नाचणीची खीर, कुस्करलेले केळे यांनी सुरुवात करावी आणि अंगावरचे दूध चालूच ठेवावे. हलक्या हाताने तेल जरूर लावावे. नाकाकानांत मात्र घालू नये. बाळ जागे असताना, आपल्या देखत, रोज थोडा वेळ पालथे खेळू द्यावे. बसवून फिरवायच्या वॉकरने चालणे लवकर येत नाही, अपघात मात्र होतात.

त्या पहिल्या आजी परवा पुन्हा आल्या. शेजारच्या बाळाचे नावही त्यांनी काढले नाही. कार्ड पुढे करून म्हणाल्या, "रेष वर गेली का ते तेवढे बघा." रेष वर गेली होती. आपल्या घरातील कार्ड कपाटात असेल, तर आजच बाहेर काढावे.