नोकरी त्याची बदलली, औषध तिचं का तुटावं?

कर्जतहून लोकलने अंबरनाथला किंवा खोपोली-खालापूरच्या कारखान्यात जाणारा नवरा कंपनी बदलतो, तेव्हा घरात पगाराची चर्चा होते. बायकोच्या औषधपाण्याची होत नाही. ईएसआयमध्ये तिचं नाव त्याने भरलेल्या फॉर्मवर. नव्या कंपनीच्या मेडिक्लेमच्या यादीतही ते तोच घालणार. आजार तिच्या अंगात, कागद त्याच्या खिशात!

ठेकेदार बदलला की कामगाराचा नवाच विमा क्रमांक काढतात. खरं तर क्रमांक जन्मभर एकच. मग जुना हक्क जुन्या क्रमांकावर अडकतो आणि दवाखान्याच्या खिडकीवरून तीच परत फिरते.

पगार २१,००० रुपयांच्या वर गेला (२०१७ पासून हीच मर्यादा) की ‘आता कार्ड बंद’ म्हणून तिला गप्प बसवतात. असं लगेच होत नाही. त्याच कंपनीत मे महिन्यात पगार वाढला, तर वर्गणी ३० सप्टेंबरपर्यंत कापावी लागते. तिच्या आधारावर उपचार पुढच्या ३० जूनपर्यंत मिळू शकतात. तोवर मेडिक्लेमच्या यादीत नाव चढवून घ्यायचं, जुना आजार पहिल्या दिवसापासून धरलाय का, हे लेखी विचारायचं.

आणि नवऱ्याने टाकलेली? लग्न मोडलेलं नाही तोवर ती कायद्याने कुटुंबातलीच. मग तिला न विचारता नाव गाळायचा अधिकार कुणी दिला? नाव काढताना तिची सही हवी, कार्ड तिच्या हातात हवं, ही आपली मागणी.

पुढच्या बैठकीला प्रत्येकीने नवऱ्याचा विमा क्रमांक लिहून आणावा. (त्याला तरी तो माहीत आहे का, बघा.)