भिंग घेण्याआधी खिडकीतून पाहा

रेंजफाइंडर कॅमेरा घेतला की पहिले काही महिने पन्नास मिलिमीटरच्या लेन्सवर छान निघून जातात. मग कधीतरी चाळीच्या गॅलरीत, देवळाच्या सभामंडपात किंवा मिरवणुकीच्या गर्दीत मागे सरकायला जागा उरत नाही आणि वाइड लेन्सची शोधाशोध सुरू होते. अशा वेळी बहुतेक जण दोनच गोष्टी विचारतात. सगळ्यात वाइड कोणती मिळेल, आणि सगळ्यात फास्ट कोणती? माझी कळकळीची विनंती आहे की हे दोन्ही प्रश्न थोडे बाजूला ठेवा. पैसे मोजण्याआधी आपल्याच कॅमेऱ्याच्या छोट्या खिडकीला डोळा लावा आणि तिच्यात काय काय दिसतं ते नीट पाहा. वाइड लेन्सचा निम्मा निर्णय तिथेच होतो.

एसएलआरमध्ये आपण लेन्समधूनच पाहतो, त्यामुळे लेन्स बदलली की दृश्य बदलतं. रेंजफाइंडरची खिडकी लेन्सपासून वेगळी असते. १५ची लेन्स लावा नाहीतर ९०ची, खिडकीतलं जग तेवढंच राहतं. बदलते ती फक्त आतली उजळ चौकट, म्हणजे फ्रेमलाइन. त्या चौकटी प्रत्येक कॅमेऱ्यात ठरलेल्या असतात. १९५४च्या लायका एम३मध्ये ५०, ९० आणि १३५ एवढ्याच चौकटी होत्या. खिडकीतलं दृश्य जवळपास डोळ्याला दिसतं तेवढंच मोठं, ०.९१ पट. पन्नाससाठी याहून सुखाची खिडकी मी पाहिलेली नाही, पण तिच्यात पस्तीसची चौकट मावतच नाही. त्यासाठी एकतर वरून वेगळा फाइंडर लावायचा, नाहीतर पुढे चष्मा जोडलेली खास लेन्स घ्यायची. नंतर आलेल्या एम२मध्ये दृश्य ०.७२ पटीवर आणलं आणि पस्तीसला हक्काची जागा मिळाली. अठ्ठावीसची चौकट १९८०च्या सुमारास एम४-पीमध्ये आली आणि १९८४च्या एम६मध्ये ती कायम राहिली.

म्हणजे एम३ असलेल्याने २८ची लेन्स घेतली तर लेन्सच्या किमतीत फाइंडरची किंमत मिळवूनच हिशेब करावा लागतो. हे दुकानात सहसा कुणी सांगत नाही.

चष्मा लावणाऱ्यांनी तर इथे जास्तच सावध राहायला हवं. ०.७२च्या खिडकीत २८ची चौकट अगदी कडेला असते. उघड्या डोळ्याला ती कशीबशी दिसते. चष्म्याच्या काचेमुळे डोळा खिडकीपासून थोडा दूर राहतो आणि चौकटीच्या दोन बाजू दिसेनाशा होतात. मग एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे डोळा फिरवून अंदाज घ्यावा लागतो, आणि तेवढ्यात समोरचा क्षण निघून जातो. म्हणून कॅमेरा बघायला जाताना रोजचा चष्मा लावूनच जा. एम६ टीटीएल आणि एम७ हे कॅमेरे ०.५८ पटीच्या खिडकीसहही निघाले होते. कोनिकाच्या हेक्सार आरएफची खिडकी ०.६ पटीची आहे. फोक्टलेंडर बेसा आर४मध्ये तर ती ०.५२ आहे आणि २१पासून ५०पर्यंतच्या चौकटी आत आहेत. चष्मा असेल आणि वाइड लेन्सवरच काम करायचं असेल, तर महागडी लेन्स आणि न दिसणारी चौकट यांपेक्षा साधी लेन्स आणि योग्य खिडकी ही जोडी केव्हाही बरी, असं मी ठामपणे सांगतो.

२८च्या पलीकडे गेलं की बहुतेक कॅमेऱ्यांवर वरच्या खाचेत वेगळा फाइंडर बसवावा लागतो. मग एका खिडकीत फोकस आणि दुसरीत रचना, असा दोन पायऱ्यांचा कारभार होतो. कॅमेऱ्याच्या आतली चौकट फोकसबरोबर सरकते आणि जवळच्या वस्तूसाठी जागा दुरुस्त करून देते. वरच्या फाइंडरमध्ये ही सोय नसते. जवळून फोटो काढताना वरची कड थोडी कापली जाणार हे धरूनच चालावं. अलीकडच्या डिजिटल लायकांमध्ये, २०१२च्या टाइप २४०पासून, मागच्या पडद्यावर थेट दृश्य पाहता येतं, त्यामुळे ही अडचण खूपच हलकी झाली आहे. तरी पडद्यावर बघूनच सगळं काम करायचं असेल तर रेंजफाइंडर घेतलाच कशाला, हा प्रश्न स्वतःला विचारून पाहा.

अजून एक बारीक गोष्ट. लेन्स लांब किंवा जाड असेल, तर ती खिडकीच्या उजव्या खालच्या कोपऱ्यात घुसते आणि तेवढा भाग झाकते. हूड लावला की जास्तच. म्हणून या कॅमेऱ्यावर छोटी लेन्स सोयीची पडते आणि हूडही खाचा असलेला घ्यावा, म्हणजे त्यातून थोडं तरी पलीकडचं दिसतं.

आता खुद्द लेन्सबद्दल. रेंजफाइंडरवरच्या वाइड लेन्सचं एवढं कौतुक होतं, त्याला कारण आहे. एसएलआरमध्ये आरसा हलायला जागा लागते. निकॉनच्या एफ माउंटमध्ये लेन्सच्या बैठकीपासून फिल्मपर्यंत ४६.५ मिलिमीटर अंतर असतं. एवढ्या दुरून २१ मिलिमीटरच्या लेन्सने प्रतिमा पाडायची, तर तिच्या रचनेत बरीच कसरत करावी लागते. लायका एम माउंटमध्ये हेच अंतर २७.८ मिलिमीटर आहे आणि मध्ये आरसा नाही, त्यामुळे मागची काच थेट फिल्मच्या जवळ नेता येते. लुडविग बेर्टेले यांनी त्साइससाठी केलेल्या बायोगॉनची रचना याच मोकळीकीतून आली. पुढेमागे जवळपास सारख्याच काचा असल्यामुळे सरळ रेषा सरळच राहतात. वाड्याचे खांब, इमारतींच्या कडा, फरश्यांच्या ओळी फुगत नाहीत. वास्तूंचे फोटो काढणाऱ्याला याचं मोल सांगायला नको.

पण याच गुणाची किंमतही असते. मागची काच फिल्मजवळ असली की कोपऱ्यांकडे जाणारा प्रकाश फार तिरका पडतो. तिरप्या प्रकाशाची तीव्रता झपाट्याने घटते. २१च्या अशा लेन्समध्ये कोपऱ्यावर मध्यापेक्षा जवळजवळ दोन स्टॉप कमी उजेड पोहोचतो. फिल्मवर कोपरे नुसते गडद होतात आणि ते पुष्कळदा छानही दिसतात. डिजिटल सेन्सरवर मात्र कडांना जांभळट किंवा हिरवट झाक येते. लायकासाठी श्नायडरने बनवलेली २१ची सुपर-अँगुलॉन, आधी एफ ४ आणि १९६३पासून एफ ३.४, फिल्मवर आजही मन जिंकते. डिजिटलवर ती घेऊ नका असंच मी सांगेन. कृष्णधवल काम करणाऱ्याला रंगाची झाक सोसेल, काळवंडलेले कोपरे मात्र तिथेही राहणारच. शिवाय तिची मागची काच इतकी आत जाते की एम६चा मीटर नीट वाचू शकत नाही. प्रकाश हातातल्या मीटरने मोजावा लागतो.

डिजिटल कॅमेरा असेल तर अलीकडे, सेन्सर डोळ्यांसमोर ठेवून बनवलेल्या लेन्स बघा. फोक्टलेंडरच्या १५ मिलिमीटर हेलियारचं उदाहरण घ्या. १९९९ची पहिली आवृत्ती लहान आणि सुंदर होती, पण डिजिटलवर कडा रंगवायची. २०१५च्या तिसऱ्या आवृत्तीत रचनाच बदलली. ती मोठी आणि जड झाली, पण कडा स्वच्छ आल्या. जुन्या वाइड लेन्स अडॅप्टर लावून मिररलेस कॅमेऱ्यावर बसवणाऱ्यांनीही हे ध्यानात ठेवावं. तिथे सेन्सरवरची काच जाड असली की कोपरे पसरट, धुरकट येतात आणि त्याचा दोष विनाकारण लेन्सला दिला जातो. लायका एम८ असेल तर हिशेब आणखी वेगळा. त्याचा सेन्सर लहान आहे, १.३३ने गुणायचं, २८ची लेन्स तिथे जवळपास ३७सारखं काम करते.

मग आकडा कोणता घ्यायचा? याचं उत्तर तुमच्या पायांत आहे. तुम्ही माणसांपासून किती दूर उभे राहता ते आठवा. दोन मीटरवर ५०ची लेन्स साधारण दीड मीटर रुंदीचं दृश्य घेते, ३५ची दोन मीटरांचं, २८ची अडीच मीटरांहून थोडं जास्त आणि २१ची जवळजवळ साडेतीन मीटरांचं. कॅमेरा उभा धरला तर दोन मीटरवरून ३५च्या लेन्समध्ये उभा माणूस डोक्यापासून पायापर्यंत बसतो. घराच्या खोलीत, दुकानाच्या फळीशी, एसटीच्या थांब्यावर आपण सहज जेवढ्या अंतरावर असतो, ते हेच अंतर. म्हणून पहिली वाइड लेन्स ३५ची घ्या, आणि ५० आधीच हाताशी असून तिच्यापासून ठळक फरक हवा असेल तर २८ची. अमेरिकेतले छायाचित्रकार गॅरी विनोग्रँड यांचं रस्त्यावरचं बरंचसं काम २८वर झालं आहे. २८ने काम करायचं म्हणजे लोकांच्या खरोखर जवळ जावं लागतं. लाजून लांब उभे राहिलात तर फोटोत नुसता रस्ता आणि आकाश येतं.

२१ आणि त्याखालच्या लेन्स मी पहिल्या खरेदीसाठी कुणालाच सुचवत नाही. तिथे कडेला उभा असलेला माणूस आडवा ताणला जातो, डोकं अंड्यासारखं होतं. ही लेन्सची खोट नाही. रुंद दृश्य सपाट फिल्मवर सरळ रेषांत उतरवायचं तर भूमितीने हे होणारच. लग्नाच्या समूहफोटोत कडेच्या आत्याबाईंना असा फोटो देणं बरं नाही. २१ लावलीच तर माणसं मध्याकडे ठेवा आणि कॅमेरा वरखाली न झुकवता सरळ धरा.

आता फास्ट लेन्सच्या मोहाबद्दल. एफ १.४च्या वाइड लेन्स मोठ्या असतात, खिडकी झाकतात आणि किंमत कुठल्या कुठे जाते. बदल्यात काय मिळतं ते बघा. आपल्याकडच्या भर उन्हात ४०० आयएसओची फिल्म घातली तर १/१००० सेकंदाला अ‍ॅपर्चर एफ ११च्या आसपास जातं. एम६चं शटर त्याहून वेगवान नाही. तिथे एफ १.४ला कामच नसतं. संध्याकाळी आणि घरात ते उपयोगी पडतं हे खरं. पण आरसा नसल्यामुळे रेंजफाइंडरला धक्का कमी बसतो आणि २८ची लेन्स १/१५ सेकंदाला बऱ्याच जणांना हातात स्थिर धरता येते. एफ २ किंवा २.८ची छोटी लेन्स बहुतेकांना पुरेल.

त्यापेक्षा लेन्सवर अंतराचा आणि खोलीचा आकडेपट्टा स्पष्ट आहे का ते बघा, कारण वाइड लेन्सची खरी मजा तिथे आहे. २८ची लेन्स एफ ८ला सव्वातीन मीटरच्या थोडं पुढे लावून ठेवली की सुमारे १.७ मीटरपासून अनंतापर्यंत सगळं पुरेसं स्पष्ट येतं. ३५साठी तीच खूण पाच मीटरवर येते आणि अडीच मीटरपासून पुढचं धरते. वारीच्या किंवा विसर्जनाच्या धांदलीत फोकस जुळवत बसावं लागत नाही, कॅमेरा डोळ्याला लावायचा आणि दाबायचा.

जुना माल घेणाऱ्यांसाठी थोडं. स्क्रू माउंटच्या लेन्स एम कॅमेऱ्यावर एक मिलिमीटर जाडीच्या अडॅप्टरने बसतात, पण अडॅप्टर चौकटीप्रमाणे वेगवेगळे असतात. २८च्या लेन्सला ५०चा अडॅप्टर लावला तर खिडकीत चुकीची चौकट उजळेल. रशियन ज्युपिटर-१२ ही ३५ची लेन्स स्वस्त आणि चांगली आहे, मात्र तिची मागची काच खूप आत येते आणि काही कॅमेऱ्यांत आतल्या भागांना टेकते. आपल्या कॅमेऱ्यात ती बसते याची खात्री केल्याशिवाय घुसवू नका. मिनोल्टा सीएलईबरोबरच्या २८च्या रोकोरमध्ये पुढच्या काचेत पांढरे ठिपके येण्याची तक्रार जुनी आहे. कोणतीही लेन्स घेताना अ‍ॅपर्चर पूर्ण उघडून मागून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे म्हणजे बुरशी, दुधी पडदा म्हणजे धुरकटपणा. नंतर दूरची इमारत रेंजफाइंडरमध्ये जुळवा आणि पट्ट्यावर अनंताची खूण आली का ते पाहा.

वापरताना एक धोका सांभाळा. कापडी शटरच्या कॅमेऱ्यात फोकस दूरवर लावलेली उघडी लेन्स सूर्याकडे रोखून राहिली, तर पडद्याला भोक पडू शकतं, कारण मध्ये आरशाची आड नसते. टोपी लावावी तर ती काढायची विसरली तरी खिडकीत सगळं नेहमीसारखंच दिसतं आणि रोल कोरा जातो. म्हणून टोपीपेक्षा हूडवर भिस्त ठेवा आणि चालताना लेन्सचं तोंड खाली करा. पावसाळ्यात, विशेषतः मुंबई, कोकण आणि गोव्यात, लेन्स चामड्याच्या पिशवीत ठेवू नका. चामडं ओल धरतं. हवाबंद डब्यात सिलिका जेल घालून ठेवा आणि त्याचा रंग बदलला की ते तापवून वाळवा. डब्यात छोटा आर्द्रतामापक ठेवून आकडा ४० ते ५० टक्क्यांच्या दरम्यान राखा. बुरशी लवकर दिसली तर जाणकार कारागीर ती पुसून देतो. कोटिंग खाल्लं गेलं की मग इलाज राहत नाही, त्यामुळे जून ते सप्टेंबर दर पंधरवड्याला डबा उघडून टॉर्चने काचा तपासा.