कोळशाची बंदी आणि सवलतीचे राजकारण

बदरपूरचे औष्णिक वीज केंद्र १५ ऑक्टोबर २०१८ रोजी कायमचे बंद झाले आणि राजधानीच्या हद्दीतील कोळशावरील वीजनिर्मितीचे पर्व संपले. इंद्रप्रस्थ व राजघाट ही केंद्रे त्याआधीच बंद झाली होती. मात्र ७०५ मेगावॉटचे बदरपूर थांबले म्हणून दिल्लीची विजेची गरज घटली नाही. ती भागविण्यासाठी शेजारच्या राज्यांत कोळसा जळतच राहिला. धुराडे हद्दीबाहेर गेले, धूर मात्र वाऱ्याबरोबर परत येतो.

कोळशाला पर्याय म्हणून नैसर्गिक वायूकडे मोठ्या आशेने पाहिले गेले. दिल्लीत बवाना येथे १,३७१ मेगावॉटचा वायू प्रकल्प उभा राहिला. परंतु कृष्णा-गोदावरी खोऱ्यातील वायूचे उत्पादन अपेक्षेपेक्षा फार घसरले आणि देशभरातील वायू प्रकल्प अर्धपोटी राहिले. मराठी वाचकांना याचे दाखले कोकणातही सापडतील. नाफ्त्यावर सुरू झालेला दाभोळ प्रकल्प पुढे वायूवर आला, पण देशी वायू आटताच २०१३ मध्ये ठप्प झाला. यंत्रे बदलणे अभियंत्यांच्या हाती असते. इंधनाची हमी मात्र सरकारलाच द्यावी लागते.

ही हमी न देताच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातील उद्योगांवर इंधनबदलाची सक्ती झाली. हवा गुणवत्ता व्यवस्थापन आयोगाने १ जानेवारी २०२३ पासून या क्षेत्रातील कारखान्यांना कोळसा वापरण्यास मनाई केली. पानिपतच्या रंगाई कारखान्यांपासून फरिदाबादच्या लघुउद्योगांपर्यंत सर्वांना वाहिनीतील वायू किंवा जैवइंधन यांकडे वळावे लागले. औष्णिक वीज केंद्रांना मात्र कमी गंधकाचा कोळसा वापरण्याची मुभा राहिली. कारखान्यांच्या आवारातील, मुख्यतः वीजनिर्मितीसाठी असलेल्या केंद्रांनाही ती मिळाली. म्हणजे कोळशाच्या बाष्पकातील वाफ कापड रंगविण्यास वापरली तर गुन्हा आणि जनित्र फिरविण्यास वापरली तर नियमसंमत, असा हा न्याय आहे.

वीज केंद्रांवरील निर्बंधांचा इतिहासही बोलका आहे. गंधकाच्या उत्सर्जनाचे निकष डिसेंबर २०१५ मध्ये ठरले. दोन वर्षांत ते अमलात यायचे होते. मुदतवाढीमागून मुदतवाढ मिळत गेली आणि जुलै २०२५ मध्ये देशातील बहुसंख्य प्रकल्पांना त्यातून मुक्तच करण्यात आले. राजधानी क्षेत्रातील व त्यालगतच्या प्रकल्पांसाठी आता डिसेंबर २०२७ ची मुदत आहे. पिकांच्या अवशेषांच्या गोळ्या कोळशात मिसळण्याचा नियमही असाच रखडला. दादरीत २०१७ मध्ये झालेल्या प्रयोगाने ते शक्य असल्याचे दाखवून दिले होते, तरीही पुढे केंद्रांना नोटिसा बजावण्याची वेळ आयोगावर आली.

वीज केंद्रांची बाजू अगदीच पोकळ नाही. वीज क्षणभरही खंडित होऊन चालत नाही आणि इंधन महागले की दरवाढीचा रोष सत्ताधाऱ्यांना सोसावा लागतो. पण हाच युक्तिवाद लघुउद्योजकाने केला, तर तो ऐकणारा कुणी नाही. सार्वजनिक उपक्रम आणि बडे वीज उत्पादक यांच्यासाठी मंत्रालयांची दारे उघडी असतात. पन्नास कामगारांच्या कारखानदाराला मिळतो तो केवळ आदेशाचा कागद.

सरकारला इंधनबदल खरोखर हवा असेल, तर पहिले पाऊल अर्थ मंत्रालयाने उचलावे. कोळसा वस्तू व सेवा करात आहे. नैसर्गिक वायू मात्र २०१७ पासून त्याच्या कक्षेबाहेरच आहे. त्यामुळे वायूवर भरलेल्या मूल्यवर्धित कराची वजावट कारखानदाराला मिळत नाही. स्वच्छ इंधन वापरणाऱ्याला असा भुर्दंड पडत असताना पर्यावरणाच्या घोषणांना अर्थ उरत नाही. वायूला या कराच्या कक्षेत आणायचे, तर महसूल गमावणाऱ्या राज्यांची समजूत काढावी लागेल. ते कठीण आहे. म्हणूनच बंदीचा सोपा मार्ग निवडला गेला, आणि तोही दुबळ्यांपुरता.