मनाच्या उपचाराचे बिल कोणी भरायचे?

मानसोपचार म्हणजे पैसेवाल्यांचे चोचले, असे म्हणणारे आपल्याही वस्त्यांत कमी नाहीत. मुलगा चार महिने पुस्तक बाजूला टाकून भिंतीकडे बघत बसला तरी तो आळशी ठरतो, नाहीतर त्याला एखाद्या बुवाकडे नेले जाते. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरातसुद्धा! पण जे घर शहाणपणाने डॉक्टरची पायरी चढते, त्याची गत काय? शहरात खासगी समुपदेशकाची एक बैठक हजार-दीड हजारांना पडते. आठवड्याला एक धरली तरी महिन्याला चार ते सहा हजार. कंत्राटी सफाई कामगाराने हे कुठून आणायचे? २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्णांपर्यंत उपचार पोहोचतच नाहीत. ते सगळे अडाणी आहेत म्हणून नव्हे.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ हा २९ मे २०१८ पासून लागू आहे. त्याचे कलम २१(४) सांगते की, शारीरिक आजाराला ज्या आधारावर विमा मिळतो त्याच आधारावर मानसिक आजारालाही प्रत्येक विमा कंपनीने तो दिला पाहिजे. विमा नियामकाने ऑगस्ट २०१८ मध्ये तसे परिपत्रकही काढले. तरीही पॉलिसीतल्या जुन्या अपवादाकडे बोट दाखवून दावे फेटाळले जात राहिले. अखेर १९ एप्रिल २०२१ रोजी दिल्ली उच्च न्यायालयाने असा एक नकार रद्द ठरवला आणि २०२२ मध्ये नियामकाला कंपन्यांना पुन्हा बजवावे लागले.

मग अडते कुठे? अडते ते 'भरती' या शब्दात. आरोग्य विमा साधारणपणे २४ तास रुग्णालयात दाखल झालेल्यालाच मिळतो. समुपदेशन मात्र बाह्यरुग्ण विभागात, खुर्चीवर बसून होते. कंपनी म्हणते, तापाच्या बाह्यरुग्णालाही आम्ही देत नाही, मग भेदभाव कसला? शब्दशः ती खोटे बोलत नाही. पण सर्वांना एकच नियम लावला की समता येते, हा युक्तिवाद आपल्या ओळखीचा आहे. आरक्षणाच्या विरोधात तो आपण किती वर्षे ऐकतो आहोत! तापाचा रुग्ण दोन खेपांत बरा होतो. मनाचा उपचार मुळातच महिनोन्‌महिने बाहेरून चालतो. बाह्यरुग्ण उपचार वगळणारी पॉलिसी मनोरुग्णाच्या हातात जवळजवळ कोरा कागद ठेवते.

दाखल व्हावे लागलेच, तर रुग्णालय कंपनीच्या यादीत हवे. यादीबाहेरचे असेल तर आधी स्वतः पैसे भरा, मग परतावा मागा. जानेवारी २०२४ पासून यादीबाहेरही रोकडरहित सोय जाहीर झाली आहे. ठरवून दाखल व्हायचे असल्यास ४८ तास आधी, तातडीच्या वेळी दाखल झाल्यावर ४८ तासांत कंपनीला कळवावे लागते. हे किती पॉलिसीधारकांना कुणी सांगितले?

ज्यांच्याकडे पॉलिसीच नाही, त्यांच्यासाठी कलम १८ महत्त्वाचे. दारिद्र्यरेषेखालील माणसाला, कार्ड असो वा नसो, सरकारी किंवा सरकारी अनुदानाच्या संस्थेत मोफत उपचाराचा हक्क आहे. जिल्ह्यात किमान सेवा नसतील तर त्याच जिल्ह्यातील दुसऱ्या संस्थेत उपचार घ्यावेत आणि खर्च सरकारने सोसावा, असे पोटकलम ५ सांगते. अख्ख्या महाराष्ट्रासाठी ठाणे, येरवडा, नागपूर आणि रत्नागिरी ही चार प्रादेशिक मनोरुग्णालये वर्षानुवर्षे पुरवली गेली, हे लक्षात घेतले की या पोटकलमाचे मोल कळते. याच कलमात जातीवरून भेदभावास स्पष्ट मनाई आहे. (वसतिगृहातला जातीय छळ 'नैराश्य' म्हणून फायलीत बंद करणाऱ्यांना मात्र समुपदेशक नव्हे, अॅट्रॉसिटी कायदाच दाखवावा लागेल. दोन्ही लागतात.)

दावा फेटाळला गेल्यास नकार लेखी मागा, त्यात पॉलिसीची कोणती अट लावली ते लिहून घ्या. कंपनीकडे तक्रार करा. महिनाभरात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर विमा लोकपालाकडे जा. मुंबईत आणि पुण्यात कार्यालये आहेत, शुल्क नाही आणि तिथे वकील चालत नाही, ही आमच्या धंद्याला न परवडणारी पण तुमच्या फायद्याची गोष्ट! विमा नसलेल्यांनी जिल्हा शल्यचिकित्सकांकडे कलम १८ चा उल्लेख करून लेखी अर्ज द्यावा, खर्चाच्या पावत्या जोडाव्यात आणि पोच घेतल्याशिवाय तिथून हलू नये.